धरणीचं हाड

एम्फेनेनीच्या डोंगरात जिकडे बघाल तिकडे दगड. घराच्या पायात दगड, गोठ्याच्या कुंपणाला दगड, मक्याच्या शेतात मक्याहून दगड जास्त. अशा गावात लाशोंग्वे सून म्हणून आली, आणि आल्या दिवसापासून दगड हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

कारण सरळ होतं. तिच्या सासऱ्याचं नाव मात्शे, आणि मात्शे म्हणजे दगड. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि तेच नाव एखाद्या वस्तूचं असलं तर त्या वस्तूचंही घेत नाही. सासरा वारला म्हणून सुटका होत नाही. उलट मेलेल्या माणसाला जास्त ऐकू येतं.

कुणाच्या सासऱ्याचं नाव हत्ती असतं, कुणाच्या सिंह. त्या बायका सुखी. दिवसातून हत्ती म्हणायची वेळ येते किती? लाशोंग्वेच्या नशिबी दगड आला. शिवाय सासूचं नाव पाण्यावरून आणि आजेसासऱ्याचं सूर्यावरून. तिच्या सासरच्या, मागागुलांच्या घरात नावं ठेवताना पुढे येणाऱ्या सुनेचा विचार कुणी म्हणून केला नव्हता. मग लाशोंग्वे दगडाला म्हणायची ‘धरणीचं हाड’, पाण्याला ‘ओलं’ आणि सूर्याला ‘दिवसाचा दिवा’. प्रत्येक घराच्या सुनांचे असे आपापले शब्द असतात. बाईने तोंड उघडलं की ती कुठल्या उंबऱ्याची ते कळतं, ओळख विचारावी लागत नाही.

घरच्या लेकीला मात्र सगळी मोकळीक. लाशोंग्वेची नणंद लोमासोन्तो लग्न होऊन पलीकडच्या डोंगरावर गेली होती. नवरा वारल्यावर चार दिवस माहेरी आली, आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. लाशोंग्वेचा नवरा गेला, पोरं शहरात गेली, आणि घरात उरल्या दोघी. लोमासोन्तो चर्चमध्ये बायकांची पुढारी होती. आवाज असा, की ती घरात प्रार्थनेला बसली तर पलीकडच्या उतारावरचं वानरांचं टोळकं शेंगा सोडून बघत राही.

सकाळी ती दारात बसून चहा पिता पिता सुरू करायची.

“वहिनी, ते उंबऱ्यापाशी काय पडलंय गं?”

“कुठे, वन्सं?”

“ते काय, काळं, गोल. ठेच लागेल कुणाला.”

“धरणीचं हाड आहे. उचलते.”

“दगड म्हण की बाई! दगड! जीभ काय झडणार आहे?”

“तुम्हीच म्हणा, वन्सं. तुमच्या वडिलांचं नाव, तुमच्या तोंडी शोभतं.”

मग लोमासोन्तो आणखी दोनदा म्हणायची, शोभतं म्हणून.

लोकांना वाटायचं, लाशोंग्वे रीतीला घाबरते. तसं नव्हतं. ती नवी नवरी होती तेव्हा त्या घरात तिच्याशी धड बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस रीतीप्रमाणे तिच्याशी बोलू शकत नव्हतं. सासरा आणि सून समोरासमोर बोलत नाहीत. म्हातारा मात्शे डोंगरावर गुरं राखायचा, आणि ही त्याच्यासाठी वाळल्या भोपळ्यात आंबट दूध भरून वर जायची. भोपळा लांब ठेवायचा, मान खाली घालून परत फिरायचं, एवढंच काम. एके दिवशी ती फिरली, तर मागून म्हातारा आपल्या ठिपक्या गायीशी बोलताना ऐकू आला.

“ठिपके, दूध आलं बघ. आणणारीला म्हणावं, एवढी चढण चढून आली, जरा टेक. माझी पाठ तिकडे आहे.”

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं ते गायी बोले सुने लागे झालं. लाशोंग्वे टेकली. पाठीला पाठ करून दोघं बसली, आणि म्हातारा गायीला डोंगर सांगू लागला. कुठे मध सापडतो, कुठे साप असतो. आणि हे पांढरट दगड बघ, ठिपके, त्यांच्यात काळ्या चुण्याचुण्यांच्या रेघा आहेत. माझा आजा सांगायचा, जग झालं तेव्हा पहिली पेज इथे शिजली. राखणारी झोपली आणि पेज उतू गेली. तिच्यावर साय धरली, ती अशी सुरकुतली आणि तशीच राहिली.

गाय रवंथ करायची. सून ऐकायची. असं पुष्कळ वर्षं चाललं. गावात कुणी म्हणालं, मात्शेला म्हातारचळ लागला, गायीशी तास तास बोलतो. लाशोंग्वे दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळा घेऊन वर निघाली.

म्हातारा गेल्यावरही ती त्या चढणीवर जात राहिली. चटयांचं गवत कापायला जाते, म्हणायची. गवत खालीही होतं.

अशीच एका हिवाळ्यात वर गेली, तर त्या चुण्यांच्या दगडांपाशी एक लांबलचक गोरा माणूस गुडघ्यांवर बसून दगड चाटत होता.

लाशोंग्वे झाडाआड थांबली. चाटून तो डोळ्याला भिंग लावायचा, मान हलवायचा, पुढचा दगड चाटायचा. आता गुरं असं कधी करतात, हे तिला ठाऊक होतं. ती खाली घरी गेली, मूठभर मीठ पानात बांधलं आणि वर येऊन त्याच्यापासून दूर, जमिनीवर ठेवलं.

तो माणूस म्हणजे फिनलंडचे प्रोफेसर तापानी. त्यांनी मीठ पाहिलं, तिला पाहिलं आणि बराच वेळ विचार करून एक चिमूट तोंडात टाकली. पुढे कळलं की दगड ओला झाला की त्याच्या रेघा उठून दिसतात, म्हणून ते चाटत होते. हे कळलं तशी लाशोंग्वेने बाटली पुढे केली. “अहो, मग ओलं घाला की! जीभ काय रस्त्यावर पडलीय?”

तिथून त्यांचं जमलं. दर हिवाळ्यात प्रोफेसर यायचे, डोंगरावर तंबू ठोकायचे, आणि लाशोंग्वे त्यांना वाट दाखवायची. ते सारखे खाली बघत चालायचे, म्हणून गावाने त्यांचं नाव खालमान्या ठेवलं. बायका म्हणायच्या, “चालतो बघ कसा, नव्या नवरीसारखा!” शिवाय मागागुलांच्या गोठ्यासमोरून ते कधी जायचे नाहीत, लांबचा वळसा घ्यायचे. लोकांना वाटायचं, बैलाला भितात. खरं म्हणजे सुनेने गोठ्यासमोरून जायचं नसतं, म्हणून लाशोंग्वे वळसा घ्यायची, आणि तिच्या मागून चालणारे प्रोफेसरही.

बोलणं मात्र बेताचं. फिनलंडची माणसं वाक्य पूर्ण पिकल्याशिवाय तोडत नाहीत म्हणे. प्रोफेसर आमची भाषा शिकले ती त्या डोंगरावर, लाशोंग्वेच्या तोंडून. खाली दुकानात आले की इंग्रजीत दोन शब्द बोलून निघायचे. अजून नीट येत नाही, म्हणायचे, आली की बोलेन.

एकदा लाशोंग्वेने विचारलं, “प्रोफेसर, एवढं काय शोधता?”

त्यांनी वाक्य पिकवलं. “सगळ्यांत आधी जे जिवंत होतं, त्याचा माग.”

“मग सापडलं?”

“कदाचित.”

हा त्यांचा लाडका शब्द. त्यांनी सांगितलं, की तीनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे समुद्राचा किनारा होता, आणि ओल्या वाळूवर शेवाळासारखी एक बुळबुळीत साय धरत होती. ती जिवंत होती. लाट आली की तिच्यावर वाळू बसायची, मग ती पुन्हा वर यायची, पुन्हा वाळू. त्याच ह्या रेघा. कदाचित. काही रेघा नुसत्याच चिखलाच्या घड्या असतात, आणि जिवंत सुरकुती कुठली आणि मेली घडी कुठली, एवढं ओळखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

इथे समुद्र होता हे लाशोंग्वेने लगेच मानलं. “असेल. वन्सं पण आधी चार दिवसांसाठीच आल्या होत्या.” सायीचंही तिला नवल वाटलं नाही. तिने म्हाताऱ्याची पेज सांगितली, आणि प्रोफेसर इतके हसले की भिंग पडलं. मग म्हणाले, पेज नाही, पण साय आहे. कदाचित.

फक्त एका गोष्टीवर ती अडली. “ही साय कुणाची पूर्वज? मागागुलांची की माझ्या माहेरच्या शोंग्वेंची?”

“सगळ्यांची. तुमची, माझी, वानरांची.”

“आणि तुम्ही तिला न विचारता हातोडा घालता?”

त्या दिवसापासून प्रोफेसर हातोडा मारण्याआधी दगडासमोर उभे राहून, मी तापानी, अमक्याचा मुलगा, फिनलंडहून आलोय, थोडंसं नेतो, राग मानू नका, असं मोठ्याने सांगू लागले. फिनलंडहून त्यांचे विद्यार्थी आले तेव्हा त्यांनाही सांगायला लावलं. ती पोरं आधी हसली, मग त्यांनाही सवय लागली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात जाकीट आलं.

झालं असं, की डोंगराच्या रस्त्यावर सरकारी उद्यानाने एक थांबा बांधला. छप्पर, बाक, मोठी पाटी. पलीकडून पिग्स पीक शहरातली, अलीकडून आमच्या खोऱ्यातली, अशी पुष्कळ माणसं दगड बघायला येणार होती, आणि त्यांना आपल्या भाषेत दगड समजावून सांगायला गावातलं एक माणूस नेमायचं होतं. नेमलेल्या माणसाला जाकीट. हिरवंगार, चेनचं, आणि पाठीवर पिवळी अक्षरं.

लाशोंग्वेला वाचता येत नव्हतं, पण त्या जाकिटाने तिची झोप उडवली. मागागुलांच्या घरात ती ‘न बोलणारी सून’ म्हणून म्हातारी झाली होती. गोठ्याजवळ जायचं नाही, पुरुषांपुढे बसायचं नाही, हे म्हणायचं नाही, ते म्हणायचं नाही. ह्या सगळ्या नाहींमध्ये एक डोंगर तेवढा तिचा होता. आता त्या डोंगरावर उभं राहून लोकांसमोर बोलायचं, आणि लोकांनी ऐकायचं, असं काम निघालं होतं. ते तिला हवं होतं. एवढं दुसरं काहीच तिने आयुष्यात मागितलं नव्हतं.

घरी सांगितलं, तर लोमासोन्तोने चहाची बशी खाली ठेवली.

“तू? तू काय सांगणार लोकांना? दगडाच्या कामाला जायचं आणि दगड म्हणायचं नाही! मुका गेला गायला!”

“सांगेन माझ्या शब्दांत.”

“मीच जाते. मला ते जाकीट बरोबर बसेल.”

“वन्सं, तुम्ही त्या डोंगरावर कधी चढलात तरी का?”

“चढायचं कशाला? थांब्यापर्यंत मोटार जाते. आणि दगड कुणाच्या बापाचा? माझ्या!”

पाठीवर अक्षरं असलेलं काहीही लोमासोन्तोला प्रिय. चर्चच्या झग्याच्या पाठीवर तर तिने मापापेक्षा मोठा क्रूस शिवून घेतला होता.

शनिवारी सगळं गाव उंबराखाली जमलं. गावचे प्रमुख, इन्दुना म्बुयिसा, खुर्चीवर. बाजूला उद्यानाच्या अधिकारी खोझाबाई, शहरातून आलेल्या, टापटीप, घड्याळ बघणाऱ्या. पाहुणे म्हणून प्रोफेसर तापानी, खाली मान घालून. जाकीट खुर्चीच्या पाठीला लटकवलेलं. रीत साधी होती. चुण्यांचा दगड हातात घ्यायचा आणि, आपल्यासमोर पाहुणे आहेत असं धरून, हे काय आहे ते सांगायचं. इच्छुक दोघीच होत्या. बाकीच्यांनी लोमासोन्तोचं नाव ऐकून माघार घेतली होती.

लोमासोन्तोने दगड डोक्यावर उचलला.

“हा दगड! हा दगड कुणी केला? देवाने केला! पहिल्या दिवशी कोणता दगड केला? हाच दगड!”

“आमेन!” तिच्या बायका म्हणाल्या.

“आणि ह्या दगडावर रेघा कसल्या? महापूर आला, पाणी चढलं, पाणी उतरलं, त्या खुणा!”

“आमेन!”

खोझाबाईंनी हळूच विचारलं, “गोगो,” म्हणजे आजी, “आणि ते शेवाळ? सर्वांत जुनं जिवंत शेवाळ?”

लोमासोन्तोला अपमान वाटला. “शेवाळ? माझ्या वडिलांच्या डोंगरावर? बाई, आमचं घर स्वच्छ होतं.”

गाव हसलं, पण टाळ्याही पडल्या. आवाज चांगला होता, हे कुणी नाकारलं नाही.

मग लाशोंग्वे. पुरुषांसमोर बोलायचं म्हणून गुडघ्यांवर बसली. मग बोलू लागली. “हे धरणीचं हाड आहे. ह्याच्यावर ओलं घातलं की रेघा दिसतात. फार जुन्या काळी इथे समुद्र होता, आणि वाळूवर साय धरायची, आपल्या आंबवलेल्या पेजेवर धरते तशी. पण ही साय जिवंत होती. दिवसाचा दिवा वर आला की ती त्याच्याकडे तोंड करायची. वाळूने पुरली की पुन्हा वर यायची. तिने हार मानली नाही, म्हणून तुम्ही आम्ही आहोत. कदाचित.”

मागे बसलेल्या म्हाताऱ्याही माना पुढे करून ऐकत होत्या. खोझाबाई लिहीत होत्या. मग त्यांनी पेन थांबवलं.

“फार छान, गोगो. एकच गोष्ट. हे हाड आहे की दगड?”

“धरणीचं हाड, बाई.”

“म्हणजे दगडच ना? मग दगड म्हणा. नाहीतर पाहुण्यांना वाटेल, कुठल्या जनावराचं हाड आहे. पोरं विचारतील, दात कुठे आहेत.”

गावात कुजबुज झाली. इन्दुना खोकले. “बाई, तिच्या सासऱ्याचं नाव ते. ती घेऊ शकत नाही.”

खोझाबाई वाईट नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला. “बाबा, माझी आजीही असंच करायची. पण पिग्स पीकहून येणाऱ्याला कसं कळणार, ह्या कुणाच्या सून ते? गोगो, एकदाच म्हणून दाखवा. रोज नाही जमलं तरी पाटीकडे बोट दाखवता येईल. आज एकदा. मग जाकीट तुमचं.”

लाशोंग्वेने दगडाकडे पाहिलं. एकच शब्द. पोरंही म्हणतात, वाटेवरचा दारुडाही म्हणतो. लोमासोन्तो तर चहाबरोबर म्हणते. तिने तोंड उघडलं. उघडलं तसं तिला मागे कुठेतरी रवंथ ऐकू आल्यासारखं झालं. माझी पाठ तिकडे आहे, जरा टेक.

तिने तोंड मिटलं. दगड शालीच्या पदराने पुसला, खोझाबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “नाही जमायचं, बाई. जाकीट वन्संना द्या. त्यांना मापात बसतं.”

लोमासोन्तो जाकिटाकडे लगेच गेली नाही.

तेवढ्यात प्रोफेसर तापानी उठले. मनात वाक्य पिकवण्याच्या नादात मधलं बोलणं त्यांच्या कानात शिरलं नव्हतं, पण वाक्य आता पिकलं होतं. इतकी वर्षं ज्या भाषेची त्यांनी डोंगरावर तयारी केली, ती सगळ्यांसमोर बोलायची हीच वेळ, असं त्यांना वाटलं. गळा साफ करून, छाती काढून, इन्दुनांना नमस्कार करून ते खणखणीत बोलले.

“बाबा, आणि गावकरी हो! मी इथे धरणीची हाडं शोधायला आलो. सकाळी दिवसाचा दिवा वर येतो, तेव्हा मी धरणीच्या हाडावर ओलं घालतो. गोगोने मला सगळं शिकवलं. माझ्या देशात सगळ्यांना मी सांगतो, की जगातलं सर्वांत सुंदर धरणीचं हाड तुमच्याकडे आहे.”

आधी म्हाताऱ्यांच्या ओळीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग इन्दुनांच्या हातातली काठी गळून पडली.

“अगं बाई! ही तर मागागुलांची सून!”

“तरीच म्हटलं, गोठ्याला वळसा का घालतो!”

“आणि मान खाली! मान खाली घालून चालतो!”

“दाढीवाली नवरी आली गं, दाढीवाली नवरी!”

बायकांनी नवरीच्या स्वागताला करतात तसा जिभेचा गजर सुरू केला. कुणीतरी आपली शाल काढून प्रोफेसरांच्या खांद्यांवर टाकली, कारण सुनेने उघड्या खांद्यांनी सासरच्यांसमोर उभं राहायचं नसतं. इन्दुना डोळे पुसत होते. “सूनबाई,” त्यांना शब्द फुटेना, “सूनबाई, माहेरी सगळे बरे आहेत ना?”

प्रोफेसर शाल धरून लाशोंग्वेकडे वळले. “गोगो, मी काही चुकीचं बोललो?”

लाशोंग्वे तोंडावर हात घेऊन बसली होती, खांदे हलत होते. “चूक काही नाही, प्रोफेसर. पण हे शब्द फक्त आमच्या घरच्या सुनांचे आहेत. बाकी जग वेगळं म्हणतं.”

“पंधरा हिवाळे! मला सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार? सांगायचं तर तो शब्द घ्यावा लागला असता.”

प्रोफेसर तिथेच बाकावर बसले. त्यांचा गोरा चेहरा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाले, “मी तुमचा शब्द छापलाय.”

“काय छापलंय?” खोझाबाईंनी विचारलं.

“धरणीचं हाड. ह्या थराचं नाव. मला वाटलं, बाकीच्या साध्यांना काही वेगळा शब्द असेल आणि हा खास ह्या थराचा. माझ्या लेखांत तेच नाव आहे. आता बाकीचेही तेच लिहितात. जपानमध्ये. कॅनडात.”

पुन्हा हसू उसळलं, पण ह्या वेळी लोमासोन्तो हसत नव्हती. ती उठून प्रोफेसरांसमोर येऊन उभी राहिली.

“थांबा. म्हणजे जपानात माझ्या वडिलांचं नाव घेत नाहीत?”

प्रोफेसरांनी विचार केला. “ह्या डोंगराबद्दल बोलताना, नाही. धरणीचं हाड म्हणतात.”

“कॅनडात?”

“तिथेही नाही.”

लोमासोन्तोने खाली बसून ढसाढसा रडायला सुरुवात केली, आणि ती रडायची तेही चर्चच्याच आवाजात. “माझे भाऊ घोटभर प्यायले की बाबांना अरे-तुरे करायचे! मी स्वतः दारात बसून चहाबरोबर घेते त्यांचं नाव! आणि सातासमुद्रापलीकडे लोक मान राखतात! आणि हे सगळं हिच्यामुळे!” बोट लाशोंग्वेकडे. “ह्या मुकीमुळे!”

“वन्सं, रडू नका. सगळे बघताहेत.”

“बघू देत! दाढीवाल्या सुनेसमोर काय लाजायचं!”

खोझाबाईंनी घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. “जाकीट लाशोंग्वे गोगोंचं,” त्या म्हणाल्या. “पण माझी अडचण तशीच आहे. येणाऱ्या माणसाला कुणीतरी एकदा तरी दगड म्हणून सांगायला हवं.”

इन्दुनांनी काठी उचलली. गावातले तंटे सोडवता सोडवता त्यांचे केस पांढरे झाले होते, ते उगीच नाही. “त्यात काय अडचण? सुनेला म्हणता येत नाही, लेकीला येतं. सून सगळं सांगेल. तो शब्द आला की थांबेल. तेवढा लेक म्हणेल.”

“एका शब्दासाठी एक माणूस, बाबा?”

“बाई, तुम्ही त्या शब्दाचा आवाज ऐकलात ना?”

अशी एम्फेनेनीच्या थांब्यावर दोघींची नेमणूक झाली. जाकीट लाशोंग्वेला, आणि लोमासोन्तोला उद्यानाची हिरवी टोपी, समोर पिवळी अक्षरं असलेली. पाठीवर नाहीत म्हणून ती कुरकुरली, मग रात्री बसून टोपीच्या मागच्या बाजूला आपल्या हाताने क्रूस शिवला.

काम बघता बघता बसलं. लाशोंग्वे पाहुण्यांना सांगायची, “हे जे तुम्ही बघताय, ते साधं...” आणि थांबायची. बाकावरची लोमासोन्तो डोळे मिटलेले असले तरी गरजायची, “दगड!” लाशोंग्वे पुढे, “नाही. ह्याच्यात जगातल्या पहिल्या सायीची सुरकुती आहे.” हळूहळू लोमासोन्तोला त्या शब्दाची कला साधली. कधी हळू म्हणायची, कधी लांबवायची, आणि लहान मुलं आली तर दचकवायची. दारात बसून चहाबरोबर मात्र तिने तो शब्द टाकणं सोडलं. कामाचा शब्द आहे, घरी कशाला वाया घालवायचा, म्हणाली. उंबऱ्यापाशी काही पडलेलं दिसलं तर म्हणायची, “वहिनी, ते तुझं हाड उचल.”

परवाच्या हिवाळ्यात पिग्स पीकहून शिक्षकांची एक मोटार आली. प्रोफेसर तापानीही थांब्यावर होते, हातात पाण्याची बाटली धरून. लोमासोन्तोची प्रार्थना लांबली होती, बाक रिकामा होता. लाशोंग्वेने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि सुरुवात केली.

“हे जे तुम्ही बघताय, ते साधं...”

ती थांबली. शिक्षक थांबले. एकाने वही काढली.

“साधं काय, गोगो?”

लाशोंग्वेने प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांना आता शब्द माहीत होता. चांगला पाठ होता. त्यांनी हळूच मान खाली घातली आणि आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“तुम्हाला माहीत नाही का, सर?” शिक्षकाने त्यांना विचारलं.

“माहीत आहे,” प्रोफेसर म्हणाले. “पण मला घेता येत नाही.”

शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. वारा सुटला. उतारावरची वानरंही बघत बसली. आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून, चढण चढताना धापा टाकत, टोपी एका हाताने सावरत असलेल्या कुणाचा तरी आवाज सगळ्या खोऱ्याला ऐकू गेला.

“दगड!”

वानरं पळाली.

“तर,” लाशोंग्वे म्हणाली, “ह्याच्यावर जरा ओलं घातलं की बघा काय दिसतं.”

आणि प्रोफेसरांनी बाटली वाकवली.